पडद्यामागची गोजराबाई

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यातली काकणांची पेठ मात्र अजून लोकांच्या बोलण्यात आहे. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

त्या पेठेचा एक रिवाज होता आणि त्याचा पेठेला मोठा तोरा होता. बाई पाटलाघरची असो नाहीतर मोळी विकणारी, बांगड्या भरून झाल्या की ती भरणारीला वाकून नमस्कार करायची आणि मगच उठायची. भरणारी काही दुकानाची मालकीण नसे. मालक गादीवर लोडाला टेकून बसलेला असे आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. नमस्कार काम करणाऱ्या हातांना. मी काही त्या पेठेतली नाही, पण असते तर ही गोष्ट गावभर मिरवली असती.

पेठेतल्या सगळ्यात मोठ्या दुकानात गोजराबाई बांगड्या भरायची. दाराशी तिचा लाकडी पाट असे. त्याच पाटावर बसून तिच्या आईनंही आयुष्यभर हेच काम केलं होतं. गोजराबाईला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

काचेची बांगडी दांडगाईनं चढत नाही. हात ताठ राहिला की बांगडी पिचते आणि काच रुतते. म्हणून गोजराबाई समोरच्या बाईशी सारखी बोलत राहायची. "माहेरी कधी जाणार? धाकटी चालायला लागली का?" बाई बोलण्याच्या नादात असली की तिचा हात सैल पडायचा आणि बांगडी मनगटात जाऊन बसायची. चेहऱ्यावर जराशी आठी दिसली, की गोजराबाई तिथंच थांबायची.

एकदा काय झालं, राजानं लांबच्या मुलखातली राणी करून आणली. राणी वाईट नव्हती हो, उगाच कुणाला वाईट कशाला म्हणा. पण तिच्या माहेरी चाकरमाणसाच्या तोंडाकडे बघायची पद्धतच नव्हती. तिथं पाणी देणारा हात दिसायचा, माणूस दिसायचा नाही.

राणी काकणं भरायला दुकानात आली. गोजराबाईनं नेहमीसारखं विचारलं, "राणीसाहेब, माहेरची आठवण येते का?"

राणी आपल्या दासीला म्हणाली, "हिला सांग, मला काकणं हवीत, गप्पा नकोत."

गोजराबाई गप्प झाली. राणीचा हात लाकडासारखा ताठ झाला. व्हायचं तेच झालं, एक बांगडी पिचली आणि राणीच्या हाताला ओरखडा उठला. राणी भडकली. "हिचं सगळं ध्यान बोलण्यात, म्हणून काकण फुटलं," ती दुकानाच्या मालकाला, शेटजींना म्हणाली. "सणाला मी पुन्हा येईन. तेव्हा हिचं तोंड मला दिसता कामा नये आणि आवाजही ऐकू येता कामा नये." आणि नमस्कार न करता ती निघून गेली.

शेटजींची पाचावर धारण बसली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गोजराबाईच्या पाटापुढे जाड पडदा टांगला आणि पडद्याला हात जाईल एवढं भोक पाडलं. गिऱ्हाइकानं अलीकडून हात घालायचा, गोजराबाईनं पलीकडून बांगड्या भरायच्या आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. राणीसाठी केलं ते सगळ्यांनाच लागू केलं, कारण राणीला आवडतं ते चांगलंच असणार, असा शेटजींचा हिशेब.

"आणि ऐक," त्यांनी गोजराबाईला बजावलं, "सणाला राणीसाहेबांच्या हातात एक जरी बांगडी पिचली, तर तुझा पाट या दुकानातून उठला म्हणून समज."

गोजराबाई पडद्यामागे पाटावर जाऊन बसली. पण त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आली ती चिमाबाई कुंभारीण. बाईचा आवाज असा, की ती दारात बोलली तर परसातली कोंबडी उडावी. तिनं पडदा पाहिला, भोक पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"शेटजी, हे काय आरंभलंय? हात दुखला की मी गोजराबाईकडे बघून ओरडते. आता काय या फडक्याकडे बघून ओरडू?"

"राणीसाहेबांची मर्जी आहे," शेटजी म्हणाले.

"मर्जी तोंड न दिसण्याची ना? मग राणीसाहेब बसतील अलीकडं. मी बसते पलीकडं." असं म्हणून चिमाबाईनं लुगडं सावरलं, पडद्याला वळसा घातला आणि गोजराबाईच्या समोर फतकल मारून बसली. काकणं भरली, मनसोक्त ओरडली, वाकून नमस्कार केला आणि चालू लागली.

तिच्या मागून आलेल्या कोष्टिणीनं तेच केलं. माळिणीनंही तेच केलं. शेटजी नको नको म्हणत राहिले, पण पेठेतल्या बायकांपुढे त्यांचं काय चालणार? पडदा आपला तसाच लटकत राहिला आणि सगळी पेठ त्याच्या मागच्या बाजूला बसायला लागली. मला विचाराल तर राज्याच्या मोठमोठ्या लढाया एकीकडे आणि बायकांचं हे वळसा घालून बसणं एकीकडे.

सणाचा दिवस आला. पडद्यामागे बायकांची दाटी होती, हसणं-खिदळणं चाललं होतं. राणी दुकानात शिरली तसे सगळे आवाज थांबले. राणीला समोर फक्त पडदा दिसला. पलीकडे एवढी माणसं आणि अलीकडे आपण एकट्याच, हे तिला कसंसंच वाटलं. पण सांगणार कुणाला? तिनं भोकातून हात आत घातला.

गोजराबाईनं तो हात हातात घेतला. हात गार पडला होता आणि आधीपेक्षा ताठ होता. तिनं बांगडी चढवायला घेतली. ती बोटांच्या सांध्यावर येऊन अडली. जोर लावावा तर पिचणार. सोडावी तर पडद्याच्या कडेला शेटजी डोळे वटारून उभे. मागच्या बायकांनी श्वास रोखून धरला.

"लाव जोर," शेटजी दबक्या आवाजात म्हणाले.

गोजराबाईनं बांगडी हळूच काढून खाली ठेवली.

"नाही लावणार," ती म्हणाली. आवाज ऐकू येऊ नये असा हुकूम होता, तरी ती नीट ऐकू जाईल असं बोलली. "या पोरीचा हात घाबरलाय. तोंड बघितल्याशिवाय तिला किती दुखतंय ते मला कसं कळावं? आंधळेपणानं मी कुणाच्या हातात काच रुतवणार नाही. माझ्या आईनंही कधी रुतवली नाही. पाट उचलायचा तर उचला, शेटजी."

आणि ती खरंच उठली. तिच्याबरोबर चिमाबाई उठली, कोष्टीण उठली, माळीण उठली. कुणी कुणाला खूण केली नव्हती. त्या पेठेचा मला अभिमान वाटतो तो यासाठी.

पडद्याच्या अलीकडे राणी तशीच बसून होती. या मुलखात आल्यापासून तिला सगळे राणीसाहेब म्हणत होते. पोर कुणी म्हटलं नव्हतं. हात घाबरलाय हेही कुणी ओळखलं नव्हतं. तिनं हात बाहेर ओढून घेतला, उठली, आणि शेटजी आडवे यायच्या आत पडद्याला वळसा घालून पलीकडे गेली.

बायका गोंधळल्या. चिमाबाईच काय ती भानावर होती. "सरका गं जरा," ती म्हणाली, "पोरीला बसायला जागा द्या."

राणी जमिनीवर बसली. तिनं पहिल्यांदाच गोजराबाईकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं, पण चाकरमाणसाशी काय बोलतात ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिची नजर गोजराबाईच्या हातांवर गेली. बोटं सुजलेली होती आणि त्यांवर काचेचे बारीक बारीक वण होते.

"दिवसभर हे काम करून," राणीनं विचारलं, "तुमचे हात दुखत नाहीत का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनी आजवर गोजराबाईला नमस्कार केले होते, तिच्यासाठी पडद्याला वळसा घातला होता, आत्ता तिच्याबरोबर उठूनही उभ्या राहिल्या होत्या. पण एवढ्या वर्षांत हे एकीनंही विचारलं नव्हतं. चिमाबाईनं मान खाली घातली, आणि तिला असं गप्प झालेलं पेठेनं कधी पाहिलं नव्हतं.

गोजराबाईचे डोळे भरून आले. "दुखतात की," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या उचलवत नाही."

राणीनं तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि हलक्या हातानं चोळायला लागली. चोळता चोळता राणीचेही हात सैल पडले. त्यानंतर बांगड्या अशा सहज चढल्या, की मनगट भरलं तरी एकही पिचली नाही.

गोजराबाईचा पाट दुकानातून उठला नाही. शेटजींनी रोज दुपारी थोडा वेळ दुकान झाकायला सुरुवात केली, म्हणजे बसून बसून अवघडलेल्या माणसांना घटकाभर पाठ टेकता यावी. चिमाबाई येताना वाटीतून कोमट तेल आणू लागली. आणि पेठेच्या तोऱ्यात भर पडली ती अशी, की तिथलं गिऱ्हाईक आपल्याला काय हवं ते नंतर सांगतं, आधी पाटावरच्या माणसाला विचारतं, "आज बरं आहे ना?"

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: दुकानात आपलं काम करून देणाऱ्याला मान तर द्यावाच, पण त्याच्याकडे बघून त्याचीही विचारपूस करावी.