अर्धी विहीर बुजवा!

"हिंगणवाडीची विहीर बुजवून टाका!" राजा भूपालरावाने हुकूम सोडला. का, तर म्हणे पाणी खारं! राजाचे जलशास्त्री विश्वंभरपंत आणि त्यांचे शिष्य गावात गेले होते आणि स्वतः पाणी चाखून आले होते. मग काय बोलायचं?

शास्त्र्यांनी खारं म्हटलं आणि सगळ्या मुलखाला ते खारं लागू लागलं. पाहुणे पेला ओठाला लावायच्या आधीच तोंड वाकडं करीत. "खाऱ्या पाण्याच्या गावची पोर नको," म्हणून माळ्याच्या सगुणाचं ठरलेलं लग्न मोडलं. कहर म्हणजे जन्मभर तेच पाणी प्यालेले पाटीलसुद्धा घोट घेऊन म्हणू लागले, "जरा खारटच आहे, नाही का?" आता विहीर गेली की बायकांनी घागर घेऊन थेट नदी गाठायची!

सगुणा तडक दरबारात गेली. "म्हाराज, आमचं पानी गोड हाय!"

"म्हणजे माझे शास्त्री खोटं बोलतात?" राजा गरजला. "मग याच शास्त्र्यांच्या तोंडून तुझं पाणी गोड म्हणवून घे! पाण्यात कणभरही काही मिसळायचं नाही. जमलं तर विहीर राहील."

शास्त्री गालात हसले. रिवाजाप्रमाणे राजाने त्यांच्या हातावर राजबागेतले आवळे ठेवले. ते खाऊन त्यांनी राजविहिरीचं पाणी प्यायलं आणि "वा, काय गोडी!" म्हणून माना डोलावल्या. सगुणा बघतच राहिली. गावात आले तेव्हा पाहुणे म्हणून तिनेच त्यांना आधी गूळ दिला होता आणि मग पाणी. अस्सं होय!

दुसऱ्या दिवशी ती दोन घागरी घेऊन आली, सोबत राजाचा शिपाई होता. शास्त्र्यांचे आवळे खाऊन होताच तिने पहिल्या घागरीतलं पाणी दिलं.

"अमृत! हे राजविहिरीचं!" पंत म्हणाले.

"आता आमच्या रीतीनं गूळ खावा," म्हणत तिने खडे वाटले आणि दुसऱ्या घागरीतलं पाणी दिलं.

"शी! खारट! हे हिंगणवाडीचं, शंकाच नको!"

"दोन्ही घागरी आमच्याच विहिरीच्या! शिपायासमोर भरल्यात." शिपायाने होकारार्थी मान हलवली.

पंत लालबुंद झाले. "चाळीस वर्षं या जिभेने पाणी पारखलंय!"

"जिभेला कोन नावं ठेवतंय? तिच्यावर आधी काय ठेवलं हुतं, तेवढं सांगायचं ऱ्हायलं!"

राजाने स्वतः आवळा खाऊन पाणी प्यायलं, मग गूळ खाऊन प्यायलं. भुवया कपाळात गेल्या, पण हट्ट सुटेना. "मुली, शास्त्री खारटही म्हणालेच की! मग हुकूम मागे कसा घेऊ?"

"नका घेऊ! खारी तेवढी अर्धी विहीर बुजवा, गोड अर्धी आमाला ठेवा. खारी कंची न् गोड कंची, ते पंतांनी दोरी धरून दाखवावं!"

राजा इतका हसला, इतका हसला की पागोटं मांडीवर आलं. "राहिली तुझी विहीर! आणखी काय हवं, माग!"

"राजबागेतलं आवळीचं झाड विहिरीपाशी लावाया द्या. आजपासनं पाव्हण्याला गूळ न्हाई, आवळा! मग बघा, सगळा मुलूख म्हनंल, हिंगणवाडीवानी गोड पानी कुठं न्हाई!"

राजाने झाड दिलं, वर गाडीभर आवळे दिले. महिन्याभरात गावाच्या पाण्याची कीर्ती झाली आणि लग्न मोडून गेलेली मंडळी हसत हसत पुन्हा दारात आली. त्यांना मात्र सगुणाने गूळच दिला!