सैल कॉटरपिन

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याला विलायती मोटारीचा मोह जडला. मोटार दोन माणसांची, बिनछपराची, एके काळी शर्यतीत पळणारी. सापडली तेव्हा मात्र एका गोठ्यात होती आणि चालकाच्या जागी कोंबडी खुडूक बसली होती. पिल्ले बाहेर येईपर्यंत शेठजींना एकवीस दिवस थांबावे लागले म्हणतात. मोटार इतकी बुटकी, की शेजारून म्हैस गेली तर आतल्याला तिचे पोटच तेवढे दिसे.

घाटाच्या पायथ्याशी अशा मोटारींना पुन्हा जीव देणारे एक वृद्ध मिस्त्री राहत. त्यांच्या हाताखाली तिशीतला एक शिष्य होता, बारा वर्षे घासलेला. मिस्त्रींनी त्याला शब्द दिला होता, "ही गाडी जुन्या मोटारींच्या फेरीत घाट चढून गेली, की तू आपल्या नावाची पाटी लाव."

दीड वर्ष खपून दोघांनी गंज कापला, पत्रा ठोकला, इंजिन बांधले. गाडी शेठजींच्या दारी गेली. देखणी दिसे, पण रोज सकाळी पांढऱ्या फरशीवर तेलाचा एक थेंब.

"गळकी बादली काय घरात थोडी होती?" शेठाणी म्हणाल्या.

शेठजींनी तो राग शिष्यावर काढला. "उद्यापासून थेंब दिसला, तर गाडी दुसऱ्या गॅरेजात जाईल. सांगून ठेवतो."

शिष्य गाडीखाली शिरला. इंजिनामागे क्लच ज्या पोकळीत बसतो, तिच्या तळाशी एक बारीक भोक होते आणि त्यात एक कॉटरपिन, म्हणजे दुमडलेल्या तारेची खीळ, सैल लटकत होती. तो मनाशी हसला. गाडी बनवणारा विलायतेतला साहेब भोक बुजवायला विसरला, आणि वर पिनही धड बसवली नाही! त्याने पिन काढून खिशात टाकली, बोल्ट आवळून भोक बंद केले. मिस्त्रींना काही बोलला नाही. फरशी स्वच्छ झाली आणि शेठाणींनी त्याला बोलावून बेसनाचा लाडू दिला.

पंधरवड्याने फेरीची सकाळ आली. मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून आले. लोक गाडीची झळाळी पाहत असताना त्यांनी तिच्याखाली वर्तमानपत्र पसरले आणि उकिडवे बसून राहिले. चहा आला, निवला. कागद कोरडाच.

"ही गाडी आत्ता घाट चढणार नाही."

"अहो मिस्त्री, एक थेंब गळत नाही तिचा!"

"म्हणून तर."

आणि म्हातारा त्या सदऱ्यानिशी गाडीखाली सरपटला. पान्याचे चार फेरे, की वाटीभर काळे तेल छातीवर. (तो सदरा मी पाहिला आहे. निदान पाहणाऱ्याला तरी पाहिले आहे.)

बाहेर येऊन ते शांतपणे म्हणाले, "जुने इंजिन थोडे पाझरणारच, शेठजी. करणाऱ्याला हे ठाऊक होते, म्हणून त्याने वाट ठेवली. पिन सैल, कारण ती हलत राहिली की वाट तुंबत नाही. थेंब खाली पडला तर फरशी पुसता येते. आत साठला तर क्लचला लागतो. मग वळणावर इंजिन नुसते बोंबलते आणि गाडी मागे दरीकडे जाते. अजून लागला नव्हता. चार वळणांनी लागला असता."

शेठजींचा चेहरा उतरला, मग तापला. "कुणाचा हा उद्योग?"

मिस्त्री हात पुसत राहिले. शिष्याला आपली पाटी दिसत होती. बोल्टवर काही कुणाचे नाव लिहिलेले नसते.

"माझा," तो मिस्त्रींकडे वळून म्हणाला. "थेंबाची लाज वाटली मला. आणि तुम्हाला विचारायचीही, तात्या." खिशातली पिन काढून त्याने पुढे केली.

"लाव ती. सैल लाव," मिस्त्री म्हणाले. "आणि परतलास की पाटी रंगवायला टाक."

"म्हणजे? चूक यानेच केली, आणि पाटीही याचीच?"

"याने ती आत साठू दिली नाही, शेठजी. अशाच्या हाती गाडी द्यावी."

शिष्य पिन घेऊन गाडीखाली गेला. त्या दिवशी गाडी घाट चढली.

शेठजींच्या दारात आता गाडीखाली पितळी परात असते. सकाळी तीत थेंब दिसला नाही, तर शेठाणी स्वतः नव्या पाटीच्या गॅरेजात निरोप धाडतात.