कण्हेरीचे कोवळे पान

गावाबाहेरच्या एका फुलबागेत, पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे, एक मांजरी आपल्या दोन पिलांना घेऊन राहत असे. एक पिलू पांढरे होते, दुसरे राखी. मुलांनो, मांजरांचे एक घरगुती औषध असते. अंग चाटता चाटता त्यांच्या पोटात केस जातात आणि पोट जड होते. मग मांजर हरळीची दोन-चार पाती चावून खाते. थोड्या वेळाने उलटी होते, केसांचा गोळा बाहेर पडतो आणि बरे वाटते. मांजरीला हे तिच्या आईने शिकवले होते आणि तिने ते पिलांना शिकवायचे ठरवले होते.

एके सकाळी पांढऱ्या पिलाचे पोट फुगले. ते दुधाला तोंड लावेना. मांजरी त्याला घेऊन हरळीच्या तुकड्याकडे गेली, तर तिथे उकरलेली माती. माळ्याने आदल्याच दिवशी सगळी हरळी मुळासकट खणून काढली होती. पिलू कण्हत होते. मांजरी कावरीबावरी होऊन कुंपणाशी आली. कुंपण कण्हेरीचे होते. तिची पाने लांब, अरुंद, गवताच्या पात्यासारखीच. एका पानावर पट्ट्यापट्ट्यांची एक गुबगुबीत अळी बसून खात होती.

"अगं, हा पाला कसा आहे?" मांजरीने विचारले.

"गोड आहे की," अळी खाता खाता म्हणाली. "जन्मले याच पानावर. दुसरं काही कधी तोंडात घातलं नाही. बघा ना तब्येत."

कुंपणापलीकडे दाव्याला बांधलेली एक शेळी होती. तिने मान वर केली. "मावशी, त्याला तोंड लावू नका हो."

"तू सांगतेस?" मांजरी म्हणाली. "परवा माळ्याचा पंचा चघळत होतीस."

"पंचा चघळला. पण कण्हेर नाही चघळली."

"दावं पुरत नसेल."

"पुरतं की. खालचं गवत मीच साफ केलंय. वर बघा, पान एक तरी तोडलंय का? जनावर तोंड लावत नाही, म्हणून तर माळ्यानं ही कुंपणाला लावली."

मांजरीने पाहिले. शेळी म्हणत होती ते समोर दिसत होते. पण पिलू पुन्हा कण्हले आणि तिला थांबवेना. "जी खाते ती सांगतेय गोड आहे, आणि जी खात नाही तिचं मी ऐकू?" असे म्हणून तिने एक कोवळी फांदी पंजाने खाली ओढली. पिलाने तोंड वाकडे केले. "कडू आहे, आई."

"औषध कडूच असतं. खा."

आई म्हणाली म्हणून पिलाने दोन पाने खाल्ली.

घटकाभरात त्याला उलटी झाली. केसांचा गोळाही पडला. मांजरीला हायसे वाटले. "झालं बघ," ती म्हणाली, "आता बरं वाटेल." पिलाला पुन्हा उलटी झाली. ती म्हणाली, "सगळं निघून जाऊ दे." मग त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. पाय थरथरायला लागले. मांजरी त्याला चाटत बसली आणि औषध लागू पडण्याची वाट पाहू लागली. ऊन माथ्यावर आले तेव्हा पिलू चाटूनही हलेना. माळी पाणी सोडायला आला. त्याने ते फडक्यात गुंडाळले आणि बांधाकडे नेले. मांजरी काही अंतर त्याच्यामागून गेली, मग थांबली.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी आली. अळी खातच होती.

"तू खोटं का बोललीस?"

अळी खायची थांबली. "खोटं नाही बोलले. मला हे बाधत नाही. तुम्ही पाला कसा विचारलंत, मी माझं सांगितलं. पिलाचं विचारलं असतंत, तर मला माहीत नाही म्हणाले असते."

मांजरी शेळीजवळ जाऊन बसली. 'मी सांगितलं होतं' असे शेळी म्हणाली नाही. ती रवंथ करत राहिली. मग मांजरीने विचारले, "तू काय काय खात नाहीस?"

"कण्हेर नाही. रुई नाही. धोत्रा नाही," शेळी म्हणाली. "मी सोडते ते तुम्हीही सोडा. पण मी खाते ते तुम्हाला चालेल, असं मात्र मी सांगणार नाही. पोट माझं आहे."

"आणि हरळी?"

"ती ओढ्याच्या काठाला आहे. लांब आहे."

आता राखी पिलाचे पोट जड झाले की मांजरी त्याला ओढ्यापर्यंत चालवत नेते. वाट कुंपणाच्या कडेकडेने जाते. तिथे आले की मांजरी पिलाला पलीकडे घेते आणि कण्हेरीच्या बाजूने स्वतः चालते.

तात्पर्य : एकाला पचलेले दुसऱ्याला पचतेच असे नाही; लेकराच्या जिवाचा प्रश्न असेल, तेव्हा 'गोड आहे' म्हणणाऱ्याआधी 'नको' म्हणणाऱ्याचे ऐकावे.