तिसऱ्या बियाण्याची तुळई

एका राज्यात चीडवृक्षांचे अफाट रान होते, आणि राजाची महालांची हौस त्याहून अफाट. सरळसोट झाड दिसले की घाल कुऱ्हाड! शेवटी उरली ती वाकडी, गाठाळ झाडे, जी कुणा सुताराने फुकटही नेली नसती.

रानाचा धनी होता मांत्रिक वक्रनख. त्याने राजपुत्र रत्नशेखराला उचलले आणि नदीमधल्या खडकावर बसवले. त्या खडकाला होडी लागत नसे.

"राजा, तोडलेस, आता उगव," तो म्हणाला. "तुझ्याच मातीत वाढलेल्या चिडाची तुळई इथवर टाक. तीवरून याची बहीण चालत आली, तर हा सुटेल. तोवर याला ना भूक, ना वय. पण तीनदा तुळई मोडली, तर हा पाषाण होईल."

राजकन्या हेमलेखेने उरलेल्या झाडांचेच बी पेरले. बुटकी झाडे ती, बी आयते हाताशी होते. बऱ्याच वर्षांनी झाडे मोठी झाली. खाण तशी माती, एकूण एक वाकडी. त्यातल्या त्यात बरी तुळई टाकली, ती हेमलेखेने पाय ठेवताच गाठीपाशी कडकन मोडली. रत्नशेखराचे पाय दगड झाले.

"झटपट वाढणारे बी आणा!" राजा ओरडला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दक्षिणेच्या उबदार खोऱ्यातले बी आले. झाडे बघता बघता उंच झाली, नगारे वाजले. पण लाकूड फोपसे, मऊ, आणि इथल्या थंडीने आतून चिरलेले. दुसरी तुळई मध्यावरच दुमडली. हेमलेखा कशीबशी पोहून निघाली. भावाची छाती दगड झाली. त्या दुःखात राजाने डोळे मिटले.

हेमलेखा पोटभर रडली. मग तिने गवाक्षातल्या डोंगरी मैनेला विचारले, "मैने, कोणते बी पेरू?"

"जिथला हिवाळा इथल्यासारखा, तिथले. आणि झाडाची आई सरळ हवी."

"लवकर वाढेल?"

"नाही. तुझे तारुण्य घेईल."

हेमलेखा उत्तरेच्या कड्यावर गेली. तिथल्या सर्वांत सरळ चिडांच्या शेंड्यांपर्यंत चढून, तळहात सोलून घेऊन तिने बी आणले आणि पेरले.

दर हिवाळ्यात प्रधान विचारी, "राणीसाहेब, आता तोडू?"

"अजून नाही."

भाऊ एकटा बसला होता. तोडावे असे तिलाही रोज वाटे, पण ती मन आवरी.

एके दिवशी तिने खोडावर हात फिरवला आणि ती म्हणाली, "तोडा."

तिसरी तुळई खडकापर्यंत टाकली. आतली वलये बारीक, दाट, एकमेकांना चिकटलेली. हेमलेखा सावकाश चालत गेली. तुळई कुरकुरलीसुद्धा नाही. तिने खडकावर पाऊल ठेवताच भावाच्या अंगावरच्या दगडाची पुन्हा कातडी झाली. काठावर वक्रनखाने मान तुकवली आणि तो आपल्या नव्या रानात निघून गेला.

कोवळ्या रत्नशेखराने वाकून नमस्कार केला.

"आजी, माझी ताई येणार होती. वाटेत भेटली का आपल्याला?"

हेमलेखेने पांढरे केस मागे सारले. तिला हसू आले, आणि रडूही.

"आले की रे," ती म्हणाली. "जरा उशीर झाला."

मग तिने त्याचा हात धरला, आणि राज्याला त्याचा राजा आणून दिला.