पपईचा चीक

“मग तोडू की नको? एवढंच सांगा, बाबा.”

डॉ. यशोधन पाटणकर दर्ग्याच्या अंगणात उभेच होते. खिशात सुमेधची नोंदणी रद्द करायचं पत्र होतं, सहीवाचून अडलेलं. सुमेध हा त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. पाच वर्षं राबला, शेवटच्या प्रयोगात घोळ घातला, वर सरांनाच उलटून बोलला. संध्याकाळी पाचच्या आत पत्र विद्यापीठात गेलं की पोराचं सगळं पाण्यात. राग तर मस्तकात गेला होता, पण नूरशहा फकिरांनी मान हलवल्याशिवाय पाटणकरांचा हात धजेना.

बाबांनी निबर मटणाची परात पुढे सरकवली. वर कच्च्या पपईचा कीस.

“चोळा.”

पाटणकर चरफडले, पण बाह्या सारून बसले. आयुष्य एंझाइमवर घालवलेला माणूस, गप्प बसतोय थोडाच! चोळता चोळता सुरू झाले. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. दोन मण्यांमधला पेप्टाइड बंध इतका चिवट, की नुसत्या पाण्यात तुटायला शेकडो वर्षं लागावीत. चिकातलं एंझाइम तो बघता बघता तोडतं.

“जोर लावून?”

“छे. आधी धरतं. माळेचा एक तुकडा त्याच्या स्वतःच्याच अंगाला जोडला जातो...”

“मग?”

“मग पाणी येतं. तुकडा सुटतो आणि एंझाइमही मोकळं होतं.”

“म्हणजे तोडणारा आधी अडकतो.”

“हो... क्षणभर.”

बाबांनी परातीत आणखी कीस टाकला.

“त्या पोराचं काम कोण तपासायचं?”

“प्रयोगाची वही असते. दर शनिवारी माझी सही.”

“वाचून?”

पाटणकरांची बोटं थांबली. घोळ झाला त्या पानावरही त्यांची सही होती. हे काही त्यांना आजच कळलेलं नव्हतं, पत्र लिहितानाही ठाऊक होतं. लाजेनं त्यांची मान वर होईना.

बोटं आता चांगलीच चुरचुरत होती. चीक कातडीलाही सोडत नाही.

“बाबा, हात धुवायला पाणी द्या.”

बाबांनी शेजारचा तांब्या उचलला. पाटणकरांनी हात पुढे केले. बाबा उठले, कडुनिंबाशी गेले आणि सगळा तांब्या बुंध्याशी रिता करून आले.

“तुम्हाला मोकळं करणारं पाणी त्या पोराच्या घरी आहे.”