मधल्या दोन ओळी

त्या मुलुखात पाणी वर होते आणि तहान खाली होती. मध्ये एक बांध होता. बांधाच्या वरच्या अंगाचे तळे कधी आटत नसे आणि खालच्या माळावरची डबकी फाल्गुन सरता सरता तडकत. वर जायला कुणालाही बंदी नव्हती, हे बगळे मोठ्या अभिमानाने सांगत. फक्त वर्षातून एकदा, चैत्रात, बांधाच्या पायथ्याशी बसून एक उतारा सोडवावा लागे. पळसाच्या पानावर दहा-बारा ओळी, त्यांच्याखाली पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला अ, ब, क, ड असे चार पर्याय. पाचही उत्तरे बरोबर आली की पाणी. एक चुकले की पुढच्या चैत्रापर्यंत माळ. बगळ्यांना स्वतःला मात्र उतारा नव्हता. ते तळ्यातच जन्माला येत, आणि जो मुळात पोचलेला आहे त्याची परीक्षा कशाला घ्यायची, असा त्यांचा साधा न्याय होता.

या माळावर, बांधाच्या पायथ्याच्या खड्यांत, एका टिटवीने चार अंडी घातली होती. एके सकाळी बगळे बांधाचे दगड तपासायला खाली उतरले आणि त्यांच्यातल्या थोरल्या बगळ्याचा पाय त्या अंड्यांवर पडला. तीन फुटली. थोरल्याने पाय गवताला पुसला आणि तो पुढचे दगड तपासू लागला.

टिटवी आठ दिवस ओरडली. नवव्या दिवशी तिने माळावरच्या कुणीच कधी केले नव्हते ते केले. पळसाचे पान घेतले, चोचीने त्यावर झाली हकीकत लिहिली, सहीच्या जागी आपल्या पायाचा तीन बोटांचा ठसा उमटवला आणि ते पान बांधाच्या दारात नेऊन ठेवले. ते पोचले तळ्याच्या लेखनिकाकडे. लेखनिक होता एक म्हातारा बेडूक, आणि त्याला त्या चैत्रासाठी उतारा सुचत नव्हता. आयता मजकूर चालून आला म्हटल्यावर तो हरखला. मापात बसावा म्हणून त्याने मधल्या दोन ओळी गाळल्या, बाकीचे नव्या पानावर उतरवले आणि खाली पाच प्रश्न घातले. जुने पान थोरल्या बगळ्याच्या दगडाच्या कपारीत गेले.

चैत्रात टिटवी परीक्षेला बसली. चौथ्या अंड्यातून निघालेली लेक तिच्या पंखाखाली होती. समोरचे पान पाहिले तर उतारा तिचाच. तिसरा प्रश्न असा होता: 'टिटवी का ओरडत होती?' पर्याय भूक, सवय, दुःख आणि पावसाची चाहूल. तिने दुःखावर खूण केली. बरोबर उत्तर 'सवय' होते.

"ती टिटवी मीच आहे," ती थोरल्या बगळ्याला म्हणाली. "मी का ओरडले ते मला ठाऊक नसेल?"

थोरल्याने मान वाकडी करून पान पाहिले. "उताऱ्यात जे आहे तेवढंच बघायचं, बाई. तुमच्या पोटातलं नाही."

त्या वैशाखात ती टिटवी माळावर तहानेने मेली. शेवटच्या डबक्यातला शेवटचा ओलावा तिने लेकीला चोखायला दिला होता. लेकीने आईला खड्यांनी झाकले आणि मनात डूख धरला. थोरल्या बगळ्याला याच पायथ्याशी, याच उन्हात, स्वतःबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर चुकलेले पाहायचे, आणि ते सांगणारी आपणच असायचे. त्यासाठी वर जायला हवे होते, आणि वर जायला उतारा.

माळाच्या टोकाला एक सरडा शिकवणी चालवत असे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. या सरड्याने तर कुंपणावरच बस्तान मांडले होते. स्वतः तो बांधावर कधी चढला नव्हता, पण बांधावर चढवण्यात त्याचा हातखंडा होता. सारे त्याला गुरुजी म्हणत आणि रोज दोन नाकतोडे आणून देत.

टिटवीच्या लेकीने, आता तीच टिटवी, पहिल्या दिवशी उतारा घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. गुरुजी कुंपणावरून खाली उतरले.

"काय करतेस?"

"वाचतेय, गुरुजी."

"वाचायला कुणी सांगितलं? उतारा म्हणजे काटेरी बोरी. आत शिरशील तर अंग फाटेल. कडेकडेनं फिरायचं आणि लागतील तेवढी बोरं तोडायची. आधी प्रश्न बघ. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोध. सापडला की आजूबाजूच्या चार शब्दांवर नजर टाक आणि बाहेर पड."

"आणि बाकीच्या ओळी?"

"त्यांच्यावर प्रश्न आहे का? नाही ना. मग त्या नाहीतच."

पुढे गुरुजींनी आणखीही पुष्कळ शिकवले. ज्या पर्यायात 'नेहमी' किंवा 'कधीच' असेल तो सोडून द्यायचा. ज्यात कुणी रडते, चिडते किंवा तळमळते तोही सोडायचा. उरतील त्यांतला जो मवाळ, तो बरोबर. टिटवीला आईचा तिसरा प्रश्न आठवला आणि उत्तर 'सवय' का होते ते तिला त्या दिवशी कळले. कळल्याने राग कमी झाला नाही. उलट तो शहाणा झाला, आणि शहाणा राग फार दिवस टिकतो.

तीन उन्हाळे तिने उतारे सोडवले. सकाळी दहा, दुपारी दहा, दिवस कलताना दहा. इतर पिल्ले पाण्यासाठी शिकत होती आणि पाण्याची स्वप्ने पाहत होती. हिला स्वप्नातही बगळ्याची मान दिसे. तिसऱ्या उन्हाळ्यात गुरुजींनी तिला माळावरच्या वणव्याचा एक उतारा दिला. त्या वणव्यात तिची मावशी होरपळली होती. टिटवीने पाचही प्रश्न सोडवून पान परत केले तेव्हा कुंपणाची सावली बोटभरही सरकली नव्हती. संध्याकाळी कुणीतरी विचारले, आजचा उतारा कशावर होता? तिला आठवेना. हे ऐकून गुरुजींनी तिची पाठ थोपटली.

चैत्रात तिची पाचही उत्तरे बरोबर आली.

वर गेल्यावर ती पाणी प्यायली, आणि पिताना तिला आईची आठवण आली. आठवण आल्यावर ती आणखी प्यायली, कारण पुढचे काम दमाचे होते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे तिला कळत होते. तिचे वैर बगळ्याशी होते. म्हातारा बेडूक आता थकला होता. चपळ म्हणून उतारे लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. ते तिने इतके नेटके केले की थोरला बगळा चारचौघांत तिला 'आमची टिटवी' म्हणू लागला. ती मान लववी. ओठात एक आणि पोटात एक ठेवायचे तिला जमत होते.

तळ्याची रीत अशी होती की लिहिलेले प्रत्येक पान थोरल्याने पाहायचे आणि त्यावर पायाचा ठसा उमटवायचा. ठसा पडला की पान पक्के. पक्क्या पानावर जे असेल ते तळ्याने मानायचे, मग तो उतारा असो, नियम असो, की शिक्षा. टिटवी पान घेऊन त्याच्यासमोर उभी राही आणि त्याचे डोळे पाही. पाच-सहा पाने झाल्यावर तिच्या ध्यानात आले की ते डोळे थेट खाली जातात. प्रश्न पाहतात, उत्तरांच्या खुणा पाहतात, की ठसा. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरे तपासून तपासून त्यालाही तेवढेच येत होते.

तिने खात्री करून घेतली. कमळांवरच्या एका उताऱ्यात मध्येच लिहिले, 'हे पान तपासणारा बगळा चोर आहे.' थोरल्याने ठसा उमटवला आणि म्हणाला, "चौथा प्रश्न छान जमलाय."

त्या दिवशी टिटवी दूर पाणथळीत जाऊन एकटीच हसली. बऱ्याच वर्षांनी हसल्यामुळे तिचा घसा दुखला.

चैत्राच्या आदल्या आठवड्यात तिने बांधाच्या डागडुजीवर एक उतारा लिहिला. त्यात मधल्या दोन ओळी अशा होत्या: 'या पानावर ज्याच्या पायाचा ठसा आहे त्याने तळ्यावरचा हक्क सोडला आहे. त्याला पुन्हा वर यायचे असेल तर त्याने इतरांसारखा उतारा सोडवावा आणि त्या उताऱ्याचा निकाल टिटवीने द्यावा.' त्या ओळींवर प्रश्न नव्हता. थोरल्याने ठसा उमटवला.

परीक्षेच्या सकाळी सगळे तळे बांधावर जमले होते. टिटवी पुढे झाली आणि तिने ते पान मोठ्याने वाचले, पहिल्या ओळीपासून. बांधावर एवढी शांतता पसरली की माशांनीही डोके वर काढले.

"हे माझ्यासमोर नव्हतं," थोरला म्हणाला.

"होतं. मधे होतं."

त्याने बाकीच्या बगळ्यांकडे पाहिले. बाकीचे बगळे पाण्याकडे पाहू लागले. थोरल्याच्या दगडावर त्यांतल्या तिघांचा डोळा होता, आणि रीत म्हणजे रीत. पेरावे तसे उगवते, असेही त्यांच्यातला एक म्हणाला, आणि तो थोरल्याचा सख्खा भाऊ होता. थोरल्याने वाटेसाठी दोन सुके मासे घेतले, गुंडाळायला कपारीत हाताशी आले ते एक जुने पान घेतले, आणि तो बांध उतरून गेला. टिटवीने त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. तिला फार बरे वाटले. आईच्या खड्यांवर पाणी शिंपडल्यासारखे वाटले.

पण अर्धेच काम झाले होते. एक वर्ष तिने थोरल्यासाठी एकच उतारा घासूनपुसून तयार केला. बगळे आता तिच्यापुढे दबून असत. ठसाही तिलाच उमटवायला सांगत.

पुढच्या चैत्रात थोरला पायथ्याशी आला. पिसे मळली होती, मान बारीक झाली होती आणि तो एका पायावर उभा होता. टिटवीने आपल्या हाताने पान त्याच्यासमोर ठेवले. उतारा एका बगळ्याचा होता, जो दिवसभर एका पायावर उभा राहतो. तिसरा प्रश्न: 'बगळा एका पायावर का उभा आहे?' (अ) थकवा. (ब) भक्ती. (क) सवय. (ड) पश्चात्ताप.

थोरल्याने आधी उतारा वाचला. पहिल्या ओळीपासून, सावकाश. सगळ्यांचे सोडवून झाले तरी तो वाचतच होता. मग त्याने तिसऱ्या प्रश्नापुढे 'ड'वर खूण केली.

"चूक," टिटवी म्हणाली. "सवय."

"तो बगळा मीच आहे. हा पाय मी खाली का टेकवत नाही, ते मला माहीत आहे."

हे वाक्य ऐकण्यासाठी ती पाच उन्हाळे जगली होती. तिने मान वाकडी केली. "उताऱ्यात जे आहे तेवढंच बघायचं. तुमच्या पोटातलं नाही."

थोरल्याने पंखाखालून एक पान काढले. माशांच्या तेलाने त्याच्या वरच्या ओळी काळ्या पडल्या होत्या.

"मासे दोन दिवसांत संपले," तो म्हणाला. "मग वर्षभर माझ्यापाशी हे एवढंच होतं. प्रश्न नव्हते, म्हणून सगळं वाचलं. तूही वाच. मधल्या ओळी वाच. मग मला पाणी दे की नको, तू ठरव."

हरलेला प्रत्येक जण जाताना टिटवीच्या हाती काहीतरी पान कोंबत असे. गयावया, सबबी, घरची दुखणी. तिने ते घेतले आणि बांध चढून गेली. मागे वळून पाहिले तेव्हा थोरला आईच्या खड्यांपासून चार पावलांवर बसला होता. वैशाख यायचा होता. जेवढे ऊन आईच्या वाट्याला आले तेवढेच याच्याही येईल, असा विचार करून तिने समाधानाने पंख मिटले.

दुपारी ती थोरल्याच्या जुन्या दगडावर कामाला बसली. पुढच्या वर्षीचे उतारे काढायचे होते. हाताशी ते तेलकट पान होते. तिचे डोळे थेट खाली गेले. खाली प्रश्न नव्हते. प्रश्नांच्या जागी तीन बोटांचा एक फिकट ठसा होता; कुणी पाखरू पाय देऊन गेले असेल, असे तिला वाटले. मापाला पान बरे होते. प्रश्न तेवढे घालायचे राहिले होते.

मधल्या दोन ओळी तेलातून वाचल्या होत्या आणि उन्हात स्पष्ट दिसत होत्या. 'ज्याचा पाय पडला त्याच्यावर माझा राग नाही. चौथी वाचली आहे, तिला एवढे वर घ्या आणि कुणाचा पाय पडला ते तिला सांगू नका.'

टिटवीने त्या न वाचताच चोच टेकवून खाली पाच प्रश्न लिहिले, कोणत्याही उताऱ्याला चालतात तसे. तिसरा होता: 'लिहिणाऱ्याचा सूर कोणता आहे?' आणि पर्याय: (अ) आनंदाचा. (ब) सूडाचा. (क) थट्टेचा. (ड) क्षमेचा. क्षणभर तिने चोच उचलून धरली. मग 'ब'वर खूण केली आणि पान पक्के करायला पाय खाली ठेवला.

तो जुन्या ठशावर नेमका बसला, बोटावर बोट.