दुसरा बहर

एका राज्यात राजाच्या बागेतलं फूल तोडायची मुभा कुणालाच नव्हती. राणीलाही नव्हती. राजा मणिकेतूचा त्या बागेवर जीव होता, आणि एक देठ तोडला की बाग तेवढी उणी होते, असं त्याला मनापासून वाटे.

राणी चारुलेखा अंथरुणाला खिळली तेव्हा तिने उशाशी सहस्रपर्णीची फुलं मागितली. माहेराहून बी आणून तिनेच ती लावली होती. राजा म्हणाला, "थोडीच आहेत. बरी हो, मग बागेतच बघ." राणी पुढे काही सांगू लागली, पण राजा वैद्यांना बोलावायला निघून गेला. राणी बरी झाली नाही.

ती गेली त्याच दिवशी बागेच्या विहिरीतून यक्षीण वर आली, काठावर बसली आणि ओले केस पिळत म्हणाली, "राजा, जे तू तिला दिलं नाहीस, ते तुलाही नाही." केसांतलं पाणी मातीवर सांडलं आणि बागेतलं फूल न् फूल राखेच्या रंगाचं झालं. मग गावातलंही. देवाचे हार राखाडी, नवरीच्या मुंडावळ्या राखाडी. सहस्रपर्णी तर मुळासकट वाळून गेली.

राणीची साळुंकी माणसासारखी बोले. राजाने तिला उपाय विचारला.

"राणीच्या बियांची डबी खजिन्यात आहे," ती म्हणाली. "कामं तीन. बी रुजवा. मग वाट पाहा. तिसरं वेळ आली की सांगेन."

डबीला एक नाग वेटोळं घालून बसला होता. त्याने राजाला न्याहाळलं, "उशीर केलात," एवढंच म्हणाला आणि बाजूला सरकला.

बी धुळीसारखं बारीक होतं. राजाने खोल खड्डा खणवला, त्यात मूठभर बी घातलं, वर माती दाबली आणि पहारा बसवला. काहीही उगवलं नाही.

"हे धान्याचं पेव नव्हे, महाराज," साळुंकी म्हणाली. "याला उजेड लागतो. मातीवर नुसतं भुरभुरा. झाकू नका."

मोलाची वस्तू उघड्यावर ठेवणं राजाला जन्मात ठाऊक नव्हतं. तरी उरलेलं बी त्याने ओल्या वाफ्यावर पसरलं, आणि हाताने पाणी शिंपडत, मुंग्या हटवत, तो स्वतःच तिथे बसून राहिला. हिरवे कोंब आले.

मग पानं आली, पिसासारखी चिरलेली. फूल मात्र वर्षभर नाही. उपटून दुसरं काही लावावं, असं प्रधानाने सुचवलं. घाई करायची वेळ निघून गेली, असं राजा म्हणाला आणि पाणी घालत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात बारीक फुलांचे सपाट झुबके उमलले. रंग राखेचाच.

"आता तिसरं," साळुंकी म्हणाली. "तोडा."

राजाचा हात अडला. "थोडीच आहेत."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

राजाने कातर चालवली. पहिला झुबका हातातच लाल झाला, दुसरा पिवळा, तिसरा गुलाबी. रंग बागभर पसरला आणि कुंपण ओलांडून गावात गेला. इतके दिवस काठावर बसून असलेली यक्षीण विहिरीत उतरली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. राजाने ती फुलं महालात नेली, तांब्यात पाणी भरलं आणि रिकाम्या पलंगाच्या उशाशी ठेवली.

काही आठवड्यांनी कापलेल्या देठांखाली नवे फुटवे आले. कळ्या पहिल्याहून दाट होत्या. राजा कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

"तोडली की पुन्हा येतात?"

"येतात."

"राणीला ठाऊक होतं?"

"तेच सांगत होती ती, महाराज. तुम्ही वैद्यांना बोलावायला निघालात."

राजाने बागेचं दार काढून टाकलं. ज्याला हवं त्याने यावं आणि फुलं न्यावीत, अशी दवंडी पिटली. देवाला रंगीत हार चढले, लग्नघरं सजली, राज्य पहिल्यासारखं नांदू लागलं. राजा मात्र रोज सकाळी कातर घेऊन बागेत जाई, आणि त्या उशाशी ताजी फुलं ठेवी.